आतेच्या चुलीमागचा बुरूज

"एक चिरो हलवलंस तर तोच तुझ्या टकलेर घालीन. मागे सर मेल्या, आदी मागे सर."

बुरजाच्या माथ्यावर माझी आते उभी होती. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात नऊवारीचा काष्टा, आणि आवाज असा की खाडीपलीकडच्या गावात चरणाऱ्या म्हशी माना वर करून आपले काय चुकले ते आठवू लागल्या होत्या. मी नुकताच लाँचीतून उतरलो होतो. खांद्यावर पत्र्याची ट्रंक, पायांत चिखल. आणखी एक नोकरी सोडून घरी आलेल्या माणसाचे स्वागत कसे होईल याची वाटभर चिंता करत आलो होतो, पण इथे माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

खाली घाटावरचा एक मुकादम पहार घेऊन उभा. मागे त्याचे गडी.

"मावशी, सरकारी काम हाय. खाली उतरा."

"सरकाराक सांग वर येवक."

"रस्त्याला दगूड लागतो, मावशी."

"मगे तुझ्या गावचो आण. थंय काय नुसती भाकरीच पिकता?"

भांडणाचे कारण असे. तिठ्यापासून जेटीपर्यंत रस्ता होणार होता आणि त्या रस्त्यावरून एस.टी. येणार होती. गाव त्या एस.टी.साठी इतके आसुसले होते की एका गृहस्थाने प्रवासात उलटी होऊ नये म्हणून आगाऊच लिंबाचे झाड लावले होते. रस्त्याच्या खडीला दगड हवा. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळमाळावरून, फोडून आणण्यापेक्षा खाडीच्या तोंडावर घडवलेला, रचलेला, फुकटचा दगड तयार होता. तो म्हणजे हा बुरूज. आणि या बुरजाला पाठ लावून आतेचे घर होते. पाठ लावून म्हणजे अक्षरशः. तिच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजेच बुरूज. जुन्या गोलंदाजांनी कशासाठी तरी ठेवलेल्या भोकांत तिच्या घराचे वासे घुसवलेले होते. बुरूज गेला की वासे गेले, वासे गेले की कौले गेली, आणि आते राहिली असती उघड्यावर, चुलीपुढे बसून, आभाळाला शिव्या देत. नवरा गलबतावर होता, तो दर्याने ठेवून घेतला. मूलबाळ नाही. त्या घराखेरीज तिचे काही नव्हते.

इथे थोडे माझ्याविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढे जे झाले ते माझ्या बुद्धीमुळे झाले, गाव काहीही म्हणो.

मी तेव्हा ऐन तारुण्यात होतो आणि माझ्या बुडाखाली खेकडा होता. कुठेही बसवा, थोड्या दिवसांत चावायचा. रेडीला जहाजात लोखंडाची माती भरत, तिथे लाल धूळ खात मुकादमी केली. तिथल्या यशवंतगडाच्या भिंती वडाच्या मुळांनी गिळल्या आहेत. एकदा आत गेलो तर त्या मुळांनी माझी एक चप्पल ठेवून घेतली, ती अजून दिलेली नाही. मग विजयदुर्गाला एका मालवाहू मचव्यावर चढलो. तिथे खाडीत आत, कातळ कोरून केलेली जुन्या आरमाराची गोदी आहे. एके काळी म्हणे त्यात लढाऊ जहाजे डागडुजीला घालत. मी गेलो तेव्हा त्यात गाळ होता आणि गाळात असे खेकडे होते की मला बघून बाजूला होण्याऐवजी त्यांनी मीच बाजूला होण्याची वाट पाहिली. तिथून खारेपाटणला एका नातलगाच्या दुकानात बसलो. मागे नदी. एके काळी तिथवर गलबते येत. जुन्या धक्क्याच्या दगडांवर बायका धुणी आपटायच्या आणि मी दुकानात गिऱ्हाईक सोडून ते दगड बघत बसायचो. नातलगाने एक दिवस विचारले, "तुका दगड बघूचे आसत की गूळ इकूचो आसा?" मी खरे उत्तर दिले आणि लाँचीत बसलो.

आमच्या किनाऱ्यावर दगडाची कुणाला पर्वा नाही, कारण दगड फार. जे राजाच्या नावाने ओळखले जातात त्या किल्ल्यांवर लोक सहलीला जातात. बाकीचे पडलेले असते जागोजाग, माडाखालच्या नारळाच्या सोडणासारखे. आमच्या होडीचा दोर ज्या खुंटाला बांधत तो खुंट म्हणजे उलटी पुरलेली तोफ होती. पाणंदीत एक वीरगळ आडवा होता, म्हणजे लढताना पडलेल्या कुणा शूराचा कोरलेला दगड. त्यावर गावाने पिढ्यान्पिढ्या धोतरे धुतली. झिजून झिजून त्या वीराच्या हातातल्या तलवारीचे लाटणे झाले होते आणि तो एकंदर पोळ्या करायला निघाल्यासारखा दिसायचा.

बुरजाचेही तेच. मराठ्यांचा म्हणणारे होते, पोर्तुगीजांचा म्हणणारे होते. एक जण तर पांडवांचा म्हणायचा, पण तो सगळेच पांडवांचे म्हणायचा, स्वतःची विहीर धरून. तटबंदी केव्हाच गावातल्या गडग्यांत, विहिरींत आणि पायऱ्यांत जिरून गेली होती. बुरूज तेवढा उरला होता, तो आतेच्या घराला टेकू म्हणून.

असो. तर मुकादमाने पहार सांध्यात घातली.

मी ट्रंक खाली ठेवली आणि शांतपणे म्हणालो, "मुकादम, खुशाल काढा दगड. माझं काय जातंय? फक्त घरच्यांना निरोप धाडून ठेवा."

"म्हंजे?"

"म्हणजे राखणदाराची जागा आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

आतेने वरून माझ्याकडे पाहिले. कोयता थोडा खाली आला.

मग मी राखणदार घडवला. आमच्याकडे प्रत्येक जागेला असा एक अदृश्य राखणारा असतोच, त्यामुळे कल्पना माझी नव्हती, पण हा राखणदार माझा. त्याला मी एक डोळा दिला. डाव्या खांद्यावर घोंगडी दिली. हातात काठी. आणि पायांत करकरणाऱ्या वहाणा. वहाणा आयत्या वेळी सुचल्या, पण पुढे साऱ्या गावाने ऐकल्या त्या वहाणाच. आमच्या आज्याच्या वेळी एकाने इथला एक चिरा उंबऱ्याला नेला, मी सांगितले. त्याचा बैल त्या उंबऱ्याच्या बाहेर येईना. शेवटी भिंत पाडून बैल काढावा लागला, आणि तेव्हापासून तो बैल फक्त कानडीत हाकला तरच चालायचा.

"कानडीत?" एका गड्याने विचारले. त्याचा चेहरा पडला होता.

"अख्ख्या गावात कानडी येणारा एकच, तो हॉटेलवाला. नांगराला रोज हॉटेल बंद ठेवून यायचा."

मुकादम हसला. पण गडी हसले नाहीत. आणि हसत हसतच मुकादमाने पहारीवर जोर दिला तेव्हा सांध्यातून धामण बाहेर आली. आता खरे सांगतो, धामण ती, बिनविषारी, उंदीर खाणारी गरीब. मध्यम लांबीची. पण ती गड्यांच्या पायांमधून अशी काही ऐटीत गेली की जणू तिला कुणी कामाला पाठवले होते. संध्याकाळी ती बातमी तिठ्यावर पोचेपर्यंत धामणीला फणा आला, फण्यावर मणी आला आणि लांबी जेटीएवढी झाली. मी एक वीतसुद्धा वाढवलेली नाही. ज्यांनी ती पाहिली नव्हती त्यांनी वाढवली. माझ्यावर थापाड्या म्हणून आळ घेणारी ही माणसे.

गड्यांनी पहारी उचलल्या. मुकादम जाताना म्हणाला, "आमाला बी पोरंबाळं हायत." दगड सड्यावरून फोडून आणला, रस्ता झाला, एस.टी. आली. लिंबूवाले गृहस्थ पहिल्याच फेरीत ओकले.

आते बुरजावरून उतरली, कोयता आढ्याला खोचला आणि मला म्हणाली, "तू खंयसून उगावलंस? जेवलंस?" एवढेच. कौतुकाचा शब्द नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण थापेचे माडासारखे असते, लावली की आपल्या उंचीची राहत नाही.

आधी एक नारळ आला. गावकर आले, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, आणि बुरजाच्या पायथ्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणे घालून गेले. मग खाडीपलीकडच्या एका बाईची हरवलेली गाय सापडली. ती तशीही रोज संध्याकाळी घरी यायची, त्या दिवशी उशिरा आली एवढेच. पण नवस बोलून झाला होता. मग लाल निशाण लागले. मग कुणीतरी बुरजाला चुना फासला. लोक अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी वहाणा ऐकल्याचे सांगू लागले, आणि कोणत्या पायाची जास्त करकरते यावर हॉटेलात वाद होऊ लागले. माझा जीव तळमळायचा. माझा राखणदार माझ्याच डोळ्यांदेखत बदलत होता. त्यांनी त्याचा दुसरा डोळा बरा केला. घोंगडी काढून त्याला शेला दिला. मी म्हटले, "अहो, एकाच डोळ्याचो तो." तर गावकर म्हणाले, "तुका काय म्हायत?"

त्या वर्षी मी गावातच अडकलो होतो. निघायचे रोज ठरायचे. लाँच दिसली की ट्रंकेकडे बघायचो, पण आतेच्या आवाठात, घराभोवती, रोज काहीतरी नवीन घडत होते आणि आपल्याच लेकराला शाळेत कोण मारतो ते बघायला बापाने थांबावे तसा मी थांबत होतो.

आणि मग मासे गेले.

आमच्याकडे रांपण ओढतात. किनाऱ्यावरून लांबच लांब जाळे समुद्रात सोडायचे आणि अर्ध्या गावाने दोन्ही टोकांना धरून ते ओढून काढायचे. त्या हंगामात जाळे यायचे ते शेवाळ, काड्या आणि पाणी घेऊन. एकदा एक फुटकी घागर आली, तिचेही वाटे करायला लोक तयार होते. माणसे दिवसभर वाळूत उकिडवी बसून समुद्राकडे बघत. कुणी उठे, दोन पावले चाले, परत बसे. घराघरांत आमटीला वास नव्हता. वासावाचून आमचा माणूस बिघडतो. भावाभावांत बोलाचाली झाली, कुत्री विनाकारण भुंकू लागली. अशा वेळी कुणाचे तरी चुकले असे ठरवावे लागते.

ते ठरले एका वाऱ्यामुळे. आतेने चूल पेटवली आणि धूर बुरजाच्या सांध्यांतून पलीकडे, चुना फासलेल्या बाजूने बाहेर आला. पायथ्याशी नारळ ठेवायला आलेल्या माणसाने तो पाहिला. दुपारपर्यंत साऱ्या गावाला उलगडा झाला. राखणदाराची पाठ भाजत होती.

गावकर दोघा-चौघांना घेऊन आतेच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले. मी ओसरीवर होतो.

"बाये," गावकर म्हणाले, "तुझी चूल तेच्या पाठीक लागता."

"कोणाच्या?"

"राखणदाराच्या."

"पाठ भाजता तर तोंड फिरवन बसांदे तेका."

"गो, असा बोला नये. गाव उपाशी आसा."

"मी काय रोज बांगडे तळतंय? माझ्या चुलीर पण पेजच आसा."

"घर हलवूक होया," गावकर शेवटी म्हणाले. आवाज मऊ होता, म्हणून जास्त भीती वाटली. "गाव तुका डोंगराकडे मांगर बांधून देतलो. कौलां आमची, लाकूड आमचा."

"थंयसून खाडी दिसता?"

"नाय."

"मगे थंय तू रव."

माणसे गेली, पण गेली ती ठरवूनच गेली हे मला दिसले. मुकादम पहार घेऊन आला होता तेव्हा त्याला हाकलता आले. हे आपलेच लोक होते, हात जोडून आले होते. आतेला मी जन्मल्यापासून पाहत होतो, पण त्या दुपारी ती पहिल्यांदाच काही न करता चुलीपुढे बसली.

मला बसवेना. मी उठलो आणि थापेवर थाप हा उपाय केला. हॉटेलात गेलो आणि सर्वांसमक्ष सांगितले की राखणदार गेला. सकाळच्या लाँचीने. मी स्वतः बघितला, शेला, वहाणा, काठी सगळे घेऊन. मालवणच्या बाजूला.

गावकरांनी कपातला चहा बशीत ओतला.

"तिकीट कोणी काढल्यान?"

"तेका कोण तिकीट इचारतलो?"

"झिला," गावकर म्हणाले, आणि त्यांना माझी खरोखरच कीव आली, "राखणदार आपली हद्द सोडूक शकणा नाय. इतका पण कळणा नाय तुका? लाँचीत बसलो तर तो राखणदार कसो?"

साऱ्या हॉटेलाने मान हलवली. माझ्याच राखणदाराचे नियम मला माहीत नव्हते. हॉटेलवाला, ज्याला आयुष्यात कानडीचा एक शब्द आला नाही, तो म्हणाला, "चाय घेतलंस काय?"

तेव्हा देवाला कौल लावून विचारायचे ठरले. आमच्याकडे शेवटचे न्यायालय तेच. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सारे गाव देवळात जमले. आते आली, धुवट लुगडे नेसून, आणि खांबाला टेकून बसली. खांबाला टेकायची तिला सवय नव्हती. घरी ती बुरजाला टेकायची.

गुरवाने पाकळ्या लावल्या. गावकर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज सगळो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाले.

"दर्यान तोंड फिरवल्यान आसा. राखणदाराची पाठ भाजता म्हणान लोक सांगतत."

"व्हय म्हाराजा."

"तर ह्या बायेन थंयचा घर मोडूचा काय? मोडूचा तर उजवो दी. ठेवूचा तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाले.

आणि पाकळ्या पडेनात. मी बाहेर आलो, आत गेलो, परत बाहेर आलो. देवळाभोवती इतक्या फेऱ्या झाल्या की पुढच्या काही जन्मांच्या प्रदक्षिणा तेव्हाच भागल्या असाव्यात. आत कुणी हलत नव्हते. सारी नजर दोन पाकळ्यांवर. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत सरकली. एक म्हातारा बसल्या बसल्या घोरू लागला, त्याला कुणी उठवले नाही, त्याचा श्वास पाकळ्यांना लागत नाही ना एवढेच दोघांनी बघितले. उजवी पाकळी थोडी सुटली, टोक खाली आले. मी आतेकडे पाहिले. ती पाकळीकडे बघत नव्हती. देवळाच्या दारातून बाहेर बघत होती, जणू कुणी उशीर करतेय.

उजवी तशीच लोंबत राहिली. डावी पडली.

गावकरांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांचा चेहरा काय सांगत होता ते मला कळले नाही, पण शब्दाचे पक्के होते. "बाये, घर तुझा," एवढे म्हणाले आणि चप्पल घालायला गेले.

आता पुढचे तुम्हाला खोटे वाटेल, त्याला माझा इलाज नाही. त्याच पंधरवड्यात रांपणीला बांगडे लागले. असे लागले की जाळे ओढताना माणसे घोट्यांपर्यंत नव्हे, गुडघ्यांपर्यंत वाळूत रुतली. समुद्र काठाला वीतभर खाली गेला, इतके मासे बाहेर आले. गावात वास परतला, भाऊ भावाशी बोलू लागला. आणि हॉटेलात नवा उलगडा झाला. राखणदाराचे तोंड दर्याकडे. छातीवर रात्रंदिवस वारा. बिचाऱ्याची पाठ तेवढी आतेच्या चुलीमुळे उबेत असते. चूल हलवली असती तर तो गारठला असता आणि मग गावाचे काय झाले असते, कल्पना करा.

तेव्हापासून बायका आतेकडे सोडणे, माडाची वाळकी चुडते, लाकडे आणून टाकू लागल्या. राखणदाराला ऊब कमी पडू नये म्हणून. खळ्यात लाकडांची रास आतेपेक्षा उंच झाली. स्वतः गावकर फणसाचा वाळका बुंधा गाडीत घालून घेऊन आले आणि विचारून गेले, "दिवसाची पण पेटवतस ना गो?"

मी ट्रंक भरली होती. लाँच दुपारची होती. आते चुलीपुढे बसून बांगडा भाजत होती, मी पाटावर, पाय अधूनमधून आपोआप दाराकडे वळत होते. राखणदाराचे श्रेय मला कुणी देणार नव्हते हे मी मनाशी मान्य केले होते, पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. ती लोंबणारी पाकळी.

"आते," मी म्हटले, "उजवो कौल पडलो असतो तर?"

तिने बांगडा उलटला.

"मगे राखणदाराक सांगलंय असतंय, तू दुसरो जागो बघ."